मनीचा ताप

जळगावच्या दाणा बाजारातील त्या भुसार दुकानात मनी कोणी आणली नव्हती. एका पावसाळ्यात ती पोत्यांच्या थप्पीमागे भिजलेली सापडली आणि तिथेच राहिली. हिंसक स्वभावाचा जीव श्रावकाने पोसावा की नाही, यावर घरात थोडी चर्चा झाली. विकत आणणे वेगळे आणि दारी आलेल्याला हाकलणे वेगळे, एवढे बोलून बाबूजींनी ती मिटवली. तेव्हापासून मनी दिवसा गादीवर कीर्दवहीच्या शेजारी आणि रात्री वरच्या मजल्यावरील घरात झोपू लागली.

पर्युषण पर्व सुरू झाले होते. बाईजींचा तेला चालू होता. मनीने सकाळी वाटीला तोंड लावले नाही, संध्याकाळीही लावले नाही. ‘‘मनीनेही उपवास धरला,’’ असे कोणी म्हणाले आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशीही वाटी तशीच राहिली, तेव्हा स्थानकातून परतलेल्या बाईजींनी कौतुकाने तिचा बेला जाहीर केला. पच्चक्खाण मनुष्य घेतो. मांजर अन्न सोडते ते बहुधा दुखण्यामुळेच. परंतु त्या गडबडीत हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

ध्यानी आले ते सूनबाईंच्या. मनी गादीवर दिसत नव्हती. शोधता शोधता ती कपाटाखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात अंग आखडून बसलेली आढळली. दिवसातून दहा वेळा अंग चाटून स्वच्छ करणाऱ्या मनीचे केस विस्कटलेले होते. श्वास जलद चालला होता आणि मधूनच अंगावर शहारा येत होता. बाईजींनी कानाला हात लावला, नाकाला लावला. नाक कोरडे व गरम होते, म्हणून ताप आहे असे त्यांचे मत पडले. मत बरोबर निघाले, तरी परीक्षा बरोबर नव्हती. निरोगी मांजराचेही नाक झोपेतून उठल्यावर कोरडे असू शकते, आणि माणसाच्या हाताला मांजराचे अंग नेहमीच उबदार लागते. कारण त्याचे स्वाभाविक तापमानच सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. जो आकडा नातवाच्या बाबतीत घर हलवून सोडील, तो मनीच्या बाबतीत आरोग्याचा आकडा होय.

आता दयेपोटी जे घडू पाहत होते, ते सांगणे अवश्य आहे. नातवाच्या तापासाठी आणलेली पॅरासिटामॉलची गोळी घरात होती. तिचा पाव तुकडा दुधात कुस्करून द्यावा, लहान जीवाला तेवढे पुरे, असा हिशेब झाला. वाटीत दूधही ओतले गेले. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने तेवढ्यात पशुवैद्यांना फोन लावला होता म्हणून बरे. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे, की माणसाची कोणतीही तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल पचवून निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. औषधाचे विष होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या निळसर किंवा तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. एकच गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. बाईजींच्या हातातील वाटी तशीच खाली ठेवली गेली. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, त्या घरात हे होऊ घातले होते.

मग पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे ताप मोजला. त्याला दोन माणसे लागतात. मनीला थोडा वेळ शांत बसू दिले, कारण घाबरलेल्या किंवा धावलेल्या मांजराचे तापमान तेवढ्यापुरते चढते. नातीने तिला टॉवेलमध्ये गुंडाळून कुशीत धरले. सूनबाईंनी साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून, शेपटी अलगद उचलून, ते गुदद्वारात सुमारे दोन सेंटिमीटर सरकवले आणि शिटी वाजेपर्यंत स्थिर धरले. जोर करायचा नाही. मांजर फारच झगडू लागले तर सोडून द्यायचे आणि सरळ दवाखाना गाठायचा. बाबूजी चष्मा लावून बाजूला उभे होते. आकडा आला १०४.२.

थंड पाण्याने अंघोळ घालू नका, टोपलीत कापड घालून घेऊन या, असा निरोप होता. तपासणीत शेपटीच्या मुळाशी दाट केसांखाली दुसऱ्या मांजराच्या चाव्याची जखम निघाली. वरून ती भरल्यासारखी दिसत होती, आत पू साचला होता. पू काढला, प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले. आणखी दोन दिवस उपाशी राहिली असती तर यकृतावर चरबी चढण्याचा वेगळाच धोका उभा राहिला असता, असे पशुवैद्य म्हणाले. बेल्याची थट्टा करणारे त्यावर काही बोलले नाहीत.

पुढचे तीन दिवस बाबूजींनी वहीच्या मागच्या पानावर सकाळ-संध्याकाळचे आकडे तारखेनिशी लिहिले : १०३.४, १०३, १०२.६. संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमणाहून परतल्यावर बाईजी कपाटापाशी वाकल्या आणि मनीपुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणाल्या. मनी त्यांच्याकडे न पाहता उठली आणि वाटीकडे गेली. त्या दिवशीचा आकडा १०१.८ होता. ते थर्मामीटर आता नातवाच्या औषधांत नसते. लाल दोरा बांधून ते गल्ल्याशेजारच्या खणात वेगळे ठेवलेले आहे.