रिकामी पोळी आणि आषाढाची ओल

गिरगाव, मुंबई
जूनचा पहिला आठवडा

चि. निनाद,

लालबागच्या गच्चीवरच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या पावसाळ्यात कशा जपायच्या, असं तू विचारलंस. ओलीसाठी प्लास्टिक आणि किडीसाठी औषध, असे दोन उपाय तुझ्या मनात आहेत. मला वाटतं, दोन्ही संकटांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे माश्यांनी न झाकलेली पोळी. मोहोळ पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्यांच्या, भागात ३४-३५ अंशांची ऊब राखतं आणि पंखांनी हवा खेळवतं. माश्या बसलेल्या असतात तिथपर्यंतच ही व्यवस्था पोचते. त्यापलीकडचं पोळं गार पडतं, त्यावर वाफ जमते, बुरशी धरते. मेणकिड्याची, म्हणजे पोळं पोखरणाऱ्या पतंगाची, मादीही रात्री शिरून पहारा नसलेल्या अशाच फटीत अंडी घालते. तिच्या अळ्यांना जुनं काळं पोळं आवडतं, कारण त्यात पराग आणि पिलांच्या कोशांचे अवशेष असतात. म्हणून पाऊस जोर धरण्याआधी काळी पोळी काढ, माश्या दोन्ही बाजूंनी झाकतील एवढ्याच चौकटी ठेव आणि उरलेली जागा आडफळी घालून बंद कर.

तू म्हणशील, जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट, मग पेटीला झरोके ठेवून काय साधणार? पण २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा आत शिरून ३४ अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे आणखी वाफ उचलून बाहेर नेण्याची ताकद तिच्यात येते. प्लास्टिक गुंडाळलंस तर माश्यांच्या श्वासातली आणि मध आटवताना निघणारी वाफ आतच कोंडेल. छप्पर पक्कं हवं, पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती हवी, दाराचं तोंड नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे नको. झरोके मात्र बारीक जाळी लावून उघडे ठेव. फटींची गोष्ट वेगळी. इटालियन माशी डिंकासारख्या रोगणाने फटी बुजवते, सातेरी ते गोळा करत नाही. तेव्हा ते काम तुझं.

महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मुंबईच्या दुपटीहून जास्त. तरीही तिथे अनेक दशकं सातेरी पेटीत पाळली जाते आणि २०२२ मध्ये त्याच तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. म्हणजे नुसत्या पावसाने मोहोळ मरत नाही. यावर खरा आक्षेप असा, की तिथे गारवा आहे आणि मुंबईच्या उष्म्यात मेणकिडा झपाट्याने वाढतो. आक्षेप रास्त आहे, पण त्यामुळे औषध योग्य ठरत नाही. औषध म्हणून पेटीत ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्यांचा अंश मेणात आणि मधात उतरतो. सातेरी जुनं पोळं कुरतडून चुरा तळावर टाकते आणि अळ्या त्यातही वाढतात. म्हणून आठवड्यातून एकदा, उघडीप पाहून, तळफळी खरवडून काढणं हेच इथलं औषध. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, पण लालबाग-परळच्या गच्चीवर पावसाळ्यात त्या डासांची पैदास करतील. पायांना ग्रीस लाव.

पाऊस लागला की बाहेर चारा मिळत नाही आणि उपाशी मोहोळ पोळी सोडून जातं. साखरेचा पाक पातळ देऊ नकोस, जास्तीचं पाणी शेवटी पेटीतच वाफ होतं; दोन भाग साखरेला एक भाग पाणी घे आणि संध्याकाळी, एक थेंबही न सांडता, आत ठेव. एवढं करूनही ऑगस्टमध्ये एखाद्या पेटीत माश्या दोन चौकटीही झाकत नसतील, तर तिथली राणी काढून ते मोहोळ शेजारच्या मोहोळात मिसळ. दोन दुबळ्या पेट्यांपेक्षा एक भरलेली पेटी बरी, कारण पावसाळ्यात पोळं राखायचं काम अखेर माश्याच करतात. त्यांना पेलेल एवढंच घर त्यांच्या वाट्याला ठेवणं, ही तुझी जबाबदारी.

तुझी,
मावशी