ॲटिट्यूडवाली मुलगी

"काय गं, सध्या काय करतेस पुण्यात?" आत्याने विचारलं.

"ॲटिट्यूड कंट्रोल."

"बरं झालं बाई! गरज होतीच तुला."

आता हिला कसं समजावू? आमच्या धंद्यात ॲटिट्यूड म्हणजे उपग्रहाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते. एका युनिटचा क्यूबसॅट म्हणजे १० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन साधारण किलोभर. रॉकेटमधून सुटला की पठ्ठ्या गिरक्या घेत राहतो. आवरला नाही, तर कॅमेरा पृथ्वीऐवजी अंधाराचे फोटो काढणार. बरं, वर टेकायला ना जमीन, ना हवा! असतं फक्त पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, तेही फ्रिजवरच्या चुंबकाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकं. सीओईपीच्या मुलांच्या 'स्वयम्'ने २०१६ मध्ये वीज न वापरता, नुसत्या चुंबकांवर आणि खास धातूच्या कांड्यांवर भागवलं. मी बनवते तो मॅग्नेटॉर्कर. पेन्सिलीएवढ्या गाभ्यावर केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वीज सोडली की त्याचं चुंबक होतं आणि पृथ्वीच्या क्षेत्राच्या आधाराने उपग्रह वळतो.

थोडक्यात काय, वाइंडिंग! बाबा सांगलीत तीस वर्षं करताहेत तेच. शेतकऱ्यांचे जळालेले पंप, मोटारी. कॉलेजात कुणी विचारलं तर मी "बिझनेस आहे" म्हणायचे. दुकान म्हणायची लाज वाटायची.

गेल्या वर्षी माझ्या तीन कॉइल ओळीने शॉर्ट झाल्या. डेडलाइन डोक्यावर. शेवटी रात्री बाबांना फोन लावला.

"कडेला कागद लावलास का?" ते म्हणाले. "तार कडेवर घासली की वरचं इनॅमल जातं. आधी कागद, मग तार."

एवढंच!

कागद अवकाशात चालत नाही. पोकळीत त्यातून वाफा सुटतात आणि लेन्सवर बसतात. म्हणून मी पॉलिइमाइडची सोनेरी टेप लावली. चौथी कॉइल टिकली. शेजारी होकायंत्र ठेवून स्विच दाबला, तर सुई झर्रकन वळली.

फसलेल्यातली एक कॉइल दिवाळीला घरी नेली. बाबांनी चष्मा पुसला, वेढ्यांवरून नख फिरवलं.

"मशीनवर केलीस?"

"हो."

"तरीच. शेवटचे वेढे सैल आहेत."

हल्ली कुणी विचारलं की सरळ सांगते, आमचा वाइंडिंगचा धंदा आहे. बाबांचं गिऱ्हाईक विहिरीत, माझं ५०० किलोमीटर वर.