जाहीरनाम्यात न आलेला मजकूर

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतील जाहीरनामा हा आपल्या वाङ्मयाचा एक उपेक्षित प्रकार आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. अर्जांची छाननी आटोपून, माघारीची मुदत टळून, कपबशी, छत्री, शिलाई यंत्र अशी चिन्हे एकदा वाटली गेली, की एकदोन दिवसांतच तालुक्याच्या छापखान्यातून गुळगुळीत कागदावरची ही पत्रके गावात येऊन पडतात. वर ग्रामदैवत, त्याखाली महापुरुषांची रांग, मध्यभागी हात जोडलेला उमेदवार आणि तळाशी कलमवार आश्वासने, ही त्यांची घडण गेली कित्येक वर्षे बदललेली नाही. मी ही पत्रके जपून ठेवतो. परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पॅनेलांची पत्रके शेजारीशेजारी मांडून नाव आणि चिन्ह बोटाने झाकले, तर कोणते कोणाचे हे ती लिहून देणाऱ्या मास्तरांनाही ओळखता येऊ नये, इतका त्यांत एकोपा असतो. दोघांनाही अंतर्गत रस्ते काँक्रीटचे हवे असतात, दोघेही नळाला रोज पाणी सोडणार असतात, दोघांच्याही राज्यात खांबाखांबावर दिवा लागणार असतो आणि तरुणांसाठी व्यायामशाळा तर ठरलेलीच. मग ज्या दोन मंडळींचे गावाच्या भल्याविषयी इतके तंतोतंत एकमत आहे, ती पंधरा दिवस एकमेकांच्या उरावर कशासाठी बसतात, असा प्रश्न एखाद्या परगावच्या पाहुण्याला पडला, तर त्याला काय सांगावे?

याचे कारण उघड आहे. ज्या गोष्टींविषयी गावात कोणाचेच दुमत नाही, नेमक्या तेवढ्याच पत्रकात येतात. पाणी नको म्हणणारा मनुष्य आजवर जन्मास आलेला नाही. तेव्हा पाणी हवे असे म्हणणाऱ्या उमेदवाराने गावापुढील प्रश्नाविषयी काही विचार मांडला, असे मी तरी समजत नाही. त्याचा विचार सुरू होतो तो समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी कपाळाला आठी पडेल अशा जागी. गायरानावर ज्यांची घरे उभी राहिली त्यांचे काय करावयाचे, पाणंद नांगरून ज्याने आपल्या शेताला जोडली त्याच्या बांधावर मोजणी कोणी न्यायची, एका गावाला जातवार दोन दहनभूमी कशासाठी, आणि सर्वांत अवघड म्हणजे घरपट्टी वाढवावयाची की नाही, हे प्रश्न गावात सर्वांना ठाऊक असतात, पारावर रोज चघळले जातात, आणि जाहीरनाम्यात मात्र त्यांचा मागमूस नसतो.

घरपट्टीचाच विचार करू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला कर बसविण्याचा अधिकार दिला. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, पंचायतीला राज्यघटनेतच स्थान मिळाले आणि अकराव्या अनुसूचीत शेतीपासून ग्रंथालयापर्यंत एकोणतीस विषय तिच्यासाठी मांडून ठेवले गेले. विषय एकोणतीस आणि तिजोरी रिकामी, अशी मात्र बहुतेक गावांची अवस्था आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला. म्हणजे पत्रकात छापलेली व्यायामशाळा, वाचनालय, बाजारकट्टा यांना पैसा हवा तर तो वरून मागून आणावयाचा, नाहीतर घरपट्टीतून उभा करावयाचा. आणि मौज अशी की, उमेदवाराला स्वतःला ही पट्टी चांगली ओळखीची असते. पंचायतीची थकबाकी असलेला मनुष्य अपात्र ठरू शकतो, म्हणून अर्ज भरण्याच्या त्या आठवड्यात वसुलीच्या टेबलापुढे भावी लोकसेवकांची अशी रीघ लागते, की पंचायतीचा शिपाई, ज्याला एरवी त्यांच्या दारावरून चार चार वेळा ‘मालक घरी नाहीत’ असे ऐकून परतावे लागते, तो त्या दिवसांत खुर्चीवर ऐसपैस बसून पावत्या फाडतो. थकबाकी नसल्याचा दाखला खिशात पडला, की घरपट्टी हा विषय उमेदवाराच्या मुखातून पाच वर्षांसाठी अंतर्धान पावतो.

गायरानाचे असेच. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य राहू शकत नाही, असे कायद्यात कलम आहे, आणि अतिक्रमण कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाने केले असले तरी तिथे राहून त्याचा लाभ घेणाऱ्याला सुटका नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. पुढे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची आपण होऊन दखल घेतली, नोटिसा निघाल्या, आणि गावोगाव मोर्चे निघून प्रकरण पुन्हा थंडावले. त्या नोटिसा ज्यांना आल्या त्यांत गुंठा गुंठा बळकावून भाड्याने देणारे धनदांडगे होते आणि ज्यांना दुसरीकडे पाय टेकायला जागा नाही अशी भूमिहीन कुटुंबेही होती. या दोहोंत भेद कसा करावयाचा, याचे उत्तर न्यायालयापेक्षा गावातल्या माणसाला अधिक चांगले देता येईल. पण ते द्यायचे म्हणजे दोनचारशे मतांवर पाणी सोडायचे.

आमच्या गावी मागच्या खेपेस सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव निघाले, आणि मतदारांनी सरपंच थेट निवडावयाचा असल्याने तिन्ही बायांना देवळापुढच्या पटांगणात एकाच संध्याकाळी बोलवावे, अशी कल्पना तरुण मंडळातल्या कोणाला तरी सुचली. पहिल्या दोघींची भाषणे त्यांच्या यजमानांनी लिहिली होती आणि ती त्यांनी, बिचाऱ्यांनी, न अडखळता वाचली. तिसऱ्या बाई पिठाची गिरणी चालवीत. गिरणीच्या पट्ट्याच्या घरघराटात गावच्या सुखदुःखाची बातमी सर्वांआधी तिथे पोचत असल्यामुळे असेल, अगर आयुष्यभर मापाचा व्यवहार केल्यामुळे असेल, त्यांनी कागद काढलाच नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारले, “सूनबाई, तू आल्यावर नळाला रोज पानी येईल का?” त्यावर डोईवरचा पदर सारखा करीत त्या म्हणाल्या, “तात्या, मोटारीचं लाइटबिल थकलंय. आपण पट्टी देतो आठवड्यातनं दोनदा येनाऱ्या पान्याची, ती बी निम्मी लोकं देत न्हाईत. रोज पानी पायजे, तर पट्टी वाढंल. मी वाढवनार.”

असे वाक्य त्या पटांगणात त्यापूर्वी कोणी उच्चारले नसावे. त्यांच्याच पॅनेलचे पुढारी घसा खाकरून उठू लागले. पण तेवढ्यात मागून, वस्तीकडच्या मुलांच्या घोळक्यातून, दहनभूमीविषयी प्रश्न आला, आणि बाईंनी तोही चुकविला नाही. “शेड एकच बांधायचं. दोन कशाला? दळन काय मी जात इचारून दळते?” एवढेच त्या बोलल्या. काही जण हसले, काही जण उठून गेले, आणि जे उठून गेले त्यांच्याकडे पाहत पॅनेलचे पुढारी मनातल्या मनात बेरजा करीत राहिले. बाई पडल्या. फार मोठ्या फरकाने नव्हे, पण पडल्या. पाणीपट्टी एक पैसाही वाढू देणार नाही, असे छापून देणाऱ्या बाई निवडून आल्या; थकबाकीपायी पाण्याच्या मोटारीची वीज तोडली गेली; आणि वर्ष उलटण्याच्या आत त्याच पंचायतीने पाणीपट्टीच्या वाढीचा ठराव एकमताने मंजूर केला. त्या ठरावावर ग्रामसभेत चर्चा झाली नाही, कारण त्या ग्रामसभेला गणसंख्याच झाली नाही.

पराभूताच्या स्पष्टवक्तेपणाचे कौतुक करणे सोपे असते, हे मला समजते. तसे ते करून मोकळे होण्याचा माझा हेतू नाही. गिरणीवाल्या बाईंचे पट्टीविषयीचे मत चूक असू शकेल. आधी थकबाकी वसूल करावी आणि मग वाढीचे बोलावे, असे म्हणणाऱ्याची बाजूही दुबळी नाही. परंतु ज्याच्याशी वाद घालता येतो असे काहीतरी त्यांनी त्या संध्याकाळी गावापुढे ठेवले, आणि हे मी मोठे काम समजतो. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावे असे ठरू लागले, तेव्हा त्या खर्चाला विरोध करणारे ते एकटे निघाले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना मते मागण्यासाठी कोणाच्या दारी जावयाचे नव्हते, असा आक्षेप कोणी घेईल. पण ज्या सरकारने नेमले त्याच सरकारच्या सर्वश्रेष्ठ अधिकाऱ्याच्या सत्काराला हरकत घेणे हे दारोदार फिरण्याहून सुकर होते, असे निदान मला वाटत नाही. नव्या मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम ओतण्यालाही त्यांचा विरोध होता. ती मंडई तरीही बांधली गेली, गव्हर्नर रे यांचे नाव तिला मिळाले, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेल्यावर त्यांच्याच पुढाकाराने तिचे नामांतर महात्मा फुले मंडई असे झाले. आज तिथे भाजी घेणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ही वास्तू ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्यांचे मत तिच्या विरुद्ध पडले होते?

मत नसलेल्या उमेदवाराचा शेवट कुठे होतो, तेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे मंदिराच्या बांधकामासाठी पंचायतीच्या पदाची बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाखांवर गेली. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथेही असाच लिलाव झाला, आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. लिलावात उभ्या राहणाऱ्याला गावाच्या कोणत्याही प्रश्नावर काही म्हणावे लागत नाही, हीच त्या व्यवस्थेची खरी सोय. त्याच महिन्यात हिवरे बाजारला, जिथे जवळजवळ तीन दशके बिनविरोधाचा पायंडा होता, प्रत्यक्ष मतदान झाले आणि पोपटराव पवारांचे पॅनेल निवडून आले. हिवरे बाजारचे कौतुक आपण हिरव्या डोंगरांसाठी करतो. मला कौतुक वाटते ते तिथल्या नकारांचे. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस लावावयाचा नाही, चराईसाठी रान मोकळे सोडावयाचे नाही, ही वाक्ये दुष्काळी नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडावर सांगून पुन्हा पुन्हा निवडून येता येते, हे त्या गावाने दाखविले. तेव्हा ‘खरे बोलेल तो पडेल’ हे आमच्या पुढाऱ्यांचे लाडके सूत्र सार्वत्रिक नाही. त्यांना ते सोयीचे आहे, एवढेच.

दोष एकट्या उमेदवाराच्या माथी मारणे मात्र मला न्याय्य वाटत नाही. आपण त्याला विचारतोच काय? माझ्या दारापुढचे गटार कधी होणार, माझ्या मुलाचे नाव घरकुलाच्या यादीत घालणार का, असल्या खासगी अर्जांच्या उत्तरादाखल तो हात जोडतो, आणि जोडलेल्या हातांची तसबीर आपण मत म्हणून स्वीकारतो. यापुढे तो दारी येईल तेव्हा त्याला चहा अवश्य पाजा, पण गेल्या साली घरपट्टीची मागणी किती होती, त्यांपैकी वसूल किती झाली आणि राहिलेली तो कोणाकडून, कोणत्या उपायाने वसूल करणार, इतके विचारल्याखेरीज त्याला पुढच्या घरी जाऊ देऊ नका. मागणी आणि वसुली यांचे आकडे पंचायतीच्या दफ्तरी असतात, आणि ग्रामसभेत ते मागण्याचा अधिकार मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला आहे.