शिसवी कपाटामागची भिंत

भिंतीला रंग देणे हा काही निबंधाचा विषय नव्हे, असे गेल्या दिवाळीपर्यंत मलाही वाटत होते. रंग ठरवायचा, रंगारी बोलवायचा, चार दिवस वासाने डोके धरून बसायचे आणि मोकळे व्हायचे. पण आमच्या घरातल्या एका भिंतीने मला जे शिकवले, ते वर्गात बसून मी शिकले नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही मूळचे नारायण पेठेतले. पणजोबांच्या वेळेपासून एका वाड्यात तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. वाडा पडला, तीन वर्षे आम्ही भाड्याच्या जागेत काढली आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर परत आलो. आमच्याबरोबर परतले ते सामान असे : एक शिसवी कपाट, एक सागवानी पलंग, आजोबांचे लिहिण्याचे बैठे डेस्क आणि आजी. आजीला मी सामानात धरले म्हणून कोणी रागावू नये. ती स्वतःच तसे म्हणते, “माझ्यासकट चार जुने नग.”

यातले कपाट म्हणजे घरातले वडीलधारे माणूसच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा आजी नवी नवरी होती. नदीचे पाणी पेठेत शिरले आणि खालच्या खोल्यांतले होते नव्हते ते वाहून तरी गेले किंवा नंतर कुजून तरी गेले. कपाट मात्र जड म्हणून जागचे हलले नाही. गाळ खरवडून, धुऊन, सावलीत वाळवून आजोबांनी त्याला पुन्हा तेलपाणी केले. त्या दिवसापासून त्याचे डावे दार पुरते मिटत नाही. ते दुरुस्त करावे असे आजीला कधी वाटले नाही.

नव्या घराच्या भिंती आयत्या पांढऱ्याफेक मिळाल्या होत्या. त्या चकचकीत पांढऱ्यापुढे आमचे सामान कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखे दिसू लागले. बाबा म्हणाले, “जुन्या बाजारात देऊन टाकू, हलके प्लायवूडचे करून घेऊ.” धाकट्या भावाने तोड काढली की कपाटालाच पांढरा ऑइलपेंट मारावा, हल्ली तशी पद्धत आहे म्हणे. आईला भिंती राखाडी हव्या होत्या. आजी काहीच बोलली नाही. तिने फक्त कपाटाच्या न मिटणाऱ्या दारावरून एकदा हात फिरवला.

तो हात पाहिला आणि मी जाहीर केले, “कपाट विकायचे नाही, रंगवायचेही नाही. भिंतीचा रंग मी ठरवते. आजीची खोली माझ्याकडे द्या.” शिकवणीचे साठवलेले पैसे मी रंगाला देणार म्हटल्यावर विरोध फारसा उरला नाही.

जबाबदारी घेतली खरी, पण रंगातले मला काय कळत होते? दुकानातून शेडकार्ड आणले. त्यावरची बदाम, बिस्किट, केशर, लोणी अशी नावे वाचून रंग ठरण्याऐवजी भूक लागली. मग वाटले, आपण पुण्यात राहतो. काळ्या लाकडाशेजारी भिंत कशी असावी हे या गावाला काय कुणी शिकवायचे? दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी तडक विश्रामबागवाड्यात गेले. दुसऱ्या बाजीरावाने बांधवलेला हा वाडा. १८२१ साली इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. रोज बसमधून दिसणारी ती कोरीव लाकडी दर्शनी बाजू मी प्रथमच थांबून पाहिली. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, तुळया सगळे गडद, आणि त्यांच्यामधला गिलावा फिकट. लाकूड पुढे येते, भिंत मागे सरते. पुढच्या रविवारी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दारे, दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लोक तिथे वस्तू पाहत होते आणि मी वस्तूंच्या मागे काय आहे ते पाहत होते. पहारेकऱ्याला माझा संशय आला असल्यास नवल नाही.

घरी येऊन आजीला विचारले, “आजी, वाड्यात भिंतींना काय लावायचे ग?”

“चुना. दुसरे काय असायचे? कळ्या विरवायच्या, गाळून घ्यायच्या, त्यात डिंक घालायचा आणि शेवटी निळीची पुरचुंडी बुडवायची. दर दिवाळीला.”

“नीळ कशाला?”

“नाहीतर पिवळट दिसतो तो.”

निळीचे हे कोडे पुढे ग्रंथालयात उलगडले. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ गोबलँ येथील राजेशाही गालिच्यांच्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. काळ्या लोकरीचा रंग नीट उतरत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तर लोकरीत दोष नव्हता. शेजारी निळे-जांभळे धागे विणले की तोच काळा फिका दिसे. यावरून त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे की कोणताही रंग एकटा दिसत नाही, तो शेजाऱ्यामुळे दिसतो. आणि प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो. शिसव आणि जुना सागवान यांच्या तपकिरीत मुळात तांबूस-नारिंगी असते. त्याच्या विरुद्धचा रंग निळा. म्हणजे चुन्यात बुडवलेली चिमूटभर नीळ नुसता पिवळटपणा घालवत नव्हती, ती शेजारच्या लाकडाला ऊबही देत होती! शेव्हरलचे नावही न ऐकलेल्या आमच्या पणज्या त्याचा नियम दर दिवाळीला पाळत होत्या.

हा शोध लागल्यावर मी हुरळून गेले. माणूस थोडे शिकला की असेच होते. मनात म्हटले, चिमूटभर निळीने एवढे होत असेल तर भरपूर निळ्याने काय बहार होईल! कपाटामागच्या भिंतीसाठी मी गडद मोरपंखी ठरवला. रंगारीकाका पेठेतले जुने कारागीर. ते म्हणाले, “ताई, कार्डावरून ठरवू नका. बोटभर तुकड्यावर दिसतो त्याहून भिंतीवर चढतो तो. पुठ्ठ्यावर लावून देतो, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा, मग सांगा.” मी पुठ्ठा पाहिला तो सकाळी, एकदाच. काकांनी मान हलवली आणि डबा उघडला.

खरे सांगते, भिंत अतिशय देखणी झाली. मोरपंखी पाठीवर शिसव मधासारखे उजळले. ज्या कपाटाला विकायला निघाले होते त्याचे आता येणारेजाणारे कौतुक करू लागले. बाबाही म्हणाले, “पोरीने राखले हो.” मी आठवडाभर तरंगत होते.

मग एका संध्याकाळी मी दारात उभी होते आणि आजी खोलीत कपाटाकडे चालली होती. दोन्ही हात पुढे करून, जसे आपण वीज गेल्यावर चालतो, तशी. बोटांना कपाटाची कड लागली तेव्हा ती थांबली. तिच्या कोपरावर हिरवेनिळे वळ होते.

“आजी, हे काय लागले?”

“काही नाही ग. कपाटाचा कोपरा. मीच धांदरट.”

“कधीपासून लागते आहे?”

ती पदराने कोपर झाकत म्हणाली, “तू एवढ्या हौसेने रंग दिलास. त्याला काय म्हणायचे?”

आजीला काचबिंदू आहे हे घरात सगळ्यांना माहीत होते. रोज रात्री तिच्या डोळ्यांत थेंब मीच घालते. त्या दुखण्यात बहुधा कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही. जवळजवळच्या छटांतला फरकही पुसट होत जातो. हे सगळे मला ठाऊक होते. फ्रान्समधल्या लोकरीचा काळा रंग फिका का दिसला, याचा मी ग्रंथालयात शोध घेतला. पण ज्या डोळ्यांत रोज थेंब घालते त्यांना गडद भिंतीपुढचे गडद कपाट दिसेल का, हा प्रश्न मला सुचला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या तपासणीला मी आजीबरोबर गेले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना खोलीचे सांगितले. ते म्हणाले, “अशा पेशंटला वस्तू रंगापेक्षा फरकाने दिसते. फिकटावर गडद किंवा गडदावर फिकट. दाराची चौकट, पलंगाची कड, दिव्याचे बटण, सगळीकडे हा फरक ठेवा. आणि चकाकणारा रंग नको, त्याची तिरीप डोळ्यांवर येते.” बाहेर आल्यावर आजी म्हणाली, “तरीच! वाड्यात एवढा अंधार असायचा, पण मी कधी अडखळले नाही बघ.” शुभ्र भिंत अंगावर आलेल्या उजेडाचा बहुतेक भाग परत देते, शिसवासारखे लाकूड बहुतेक गिळते. चुन्याच्या भिंतीपुढचा प्रत्येक खांब, प्रत्येक चौकट त्या अंधुक उजेडातही आपली जागा सांगत असे.

शिकवणीच्या दुसऱ्या महिन्याचे पैसे घेऊन मी पुन्हा रंगारीकाकांकडे गेले. ते एका शब्दाने बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. या खेपेस चार पुठ्ठे केले आणि एकेक कपाटामागे उभा करून आजीला पलंगावर बसवले. सकाळी, दुपारी आणि दिवा लावून. खोलीची खिडकी उत्तरेला. तिकडचा उजेड शांत पण जरा थंड असतो. त्यात राखाडी उदास दिसला, नुसता पांढरा कोरडा दिसला. टपोऱ्या पांढऱ्या दिव्याखाली तर कपाटाचा तांबूसपणाच मेला. तो दिवा बदलून पिवळसर उजेडाचा लावला. तिसरा पुठ्ठा फिकट मोतिया रंगाचा होता. आजी म्हणाली, “थांब. हा. आता मला कपाटाचे डावे दार उघडे दिसते आहे.”

ते दार मिटत नाही, १९६१ पासून मिटत नाही. नव्या घरात आल्यापासून तिला ते हाताला लागत होते. दिसले त्या दिवशी.

मोतिया रंगाचे दोन हात बसले, चकाकी नसलेले. मोरपंखी पुरता झाकायला खाली आधी अस्तराचा हात द्यावा लागला. आता पाहुणे आजीच्या खोलीत येतात आणि भिंतीविषयी कोणीच काही बोलत नाही. प्रथम मला थोडे वाईट वाटे. मग लक्षात आले की भिंतीने तिचे काम केले आहे; ती मागे सरली आहे. दाराच्या चौकटीला मी काळपट तपकिरी रंग दिला, आणि दिव्याच्या पांढऱ्या बटणांभोवती उरलेल्या मोरपंखीची बोटभर पट्टी ओढली. तेवढीच माझी हौस शिल्लक राहिली, आणि तीही उपयोगी पडते.

गडद लाकडाला कोणता रंग शोभतो, असे आता मैत्रिणी मला विचारतात. माझ्याकडे उत्तर आहे : फिकट, किंचित उबदार, चकाकी नसलेला, पुठ्ठ्यावर लावून तीन वेळा पाहिलेला. पण त्याआधी मी त्यांनाच एक प्रश्न विचारते, “त्या खोलीत राहते कोण?”

परवा संध्याकाळी आजी उठली, सरळ कपाटापाशी गेली, आणि हात पुढे न करता तिने डाव्या दाराची कडी धरली. मी दारात उभी होते. तिला वाटले, मी चहा झाला म्हणून सांगायला आले आहे.