टर्बो गेला!

माणसाच्या आजारात जसं 'व्हायरल', तसं जुन्या डिझेल गाडीत 'टर्बो'. निदान सुचलं नाही की हा शब्द टाकावा. समोरचा निमूटपणे पाकिटाला हात घालतो. वास्तविक टर्बो हा काटकसरी गृहस्थ. इंजिनाने टाकून दिलेल्या धुरावर चक्र फिरवायचं आणि त्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, एवढंच त्याचं काम. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. भाताच्या वाफेवर शिळी पोळी गरम करणाऱ्या आमच्या आजीने घेतलं नाही, इतकंच.

वडिलांनी २००३ साली, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या गाडीत हा टर्बो आहे. (गाडीचं नाव सांगत नाही, घरच्या माणसाची चारचौघांत बदनामी कशाला?) वडील गेले, गाडी राहिली. वर्षभर तिला एक खोड जडली होती. खड्डा आला की चालता चालता गप्प व्हायचं आणि मनात आलं की आपणहून सुरू व्हायचं. मुंबईच्या एका गॅरेजने फिल्टर बदलून पाहिला, मग 'टर्बो गेला' म्हणून असा काही आकडा सांगितला, की चिरंजीव म्हणाले, "बाबा, भंगारात द्या." गणपतीची शेवटची खेप करायची आणि द्यायची, असं ठरलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती हातखंब्याच्या तिठ्यावर गप्प झाली. मुंबई-गोवा हायवेला इथे रत्नागिरीचा रस्ता मिळतो, त्यामुळे सल्ला द्यायला तिन्ही दिशांची माणसं हजर! एक म्हणाला एअर पकडली, दुसरा म्हणाला पंप बसला. टर्बोवर मात्र सर्वांचं एकमत. आई मागच्या सीटवर गणपतीची कंठी मांडीवर घेऊन बसलेली. "ह्यांची गाडी आहे रे, जपून हात लावा," एवढंच म्हणाली.

शेवटी स्कूटरवरून मेकॅनिक आला. बॉनेट उघडून म्हणाला, "काका, चावी फिरवा. स्टार्टर मारू नका, नुसती फिरवा. टक् झाला?"

"नाही."

"मग टर्बोच्या नावानं कशाला रडताय? टर्बो गेला तर गाडी धूर सोडते, चढाला दम खाते. दिवा विझल्यासारखी बंद नाय पडत."

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल आपसूक पेटतं. पण अशा जुन्या गाड्यांत पंपावर एक विजेचा द्वारपाल बसवलेला असतो, सोलेनॉईड. चावी फिरवली की त्याला करंट मिळतो, तो टक् करून दार उघडतो. करंट तुटला की दार बंद. टाकीत डिझेल आहे, बॅटरी टुणटुणीत आहे. फाईल अडली आहे ती हेडक्लार्कच्या सहीसाठी!

त्याने दिव्याला दोन वायरी जोडलेलं आपलं यंत्र सोलेनॉईडच्या वायरीला लावलं. दिवा लागेना. मग बॅटरीतून थेट एक वायर आणून टेकवली. टक्! इंजिन एका दमात सुरू. म्हणजे द्वारपाल शाबूत, निरोप्या मेलेला. वायरीवरून बोटं फिरवत तो एका वळणाशी थांबला. वरून प्लास्टिक धडधाकट, आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. खड्ड्यात दोन टोकं सुटायची, धक्का बसला की पुन्हा भेटायची.

हातभर नवी वायर, मजुरी धरून दोनशे रुपये. गर्दी नाराज होऊन पांगली. एकाने जाता जाता बजावलंच, "तरी टर्बो एकदा दाखवून घ्या!"

पाली येईपर्यंत चिरंजीव काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "बाबा, हिचं पासिंग २०२८ पर्यंत आहे ना?"