मुन्नीचे म्हातारपण

मुन्नीने अम्मीच्या जानमाजवर लघवी केली, त्या रात्री आम्ही तिला गच्चीवर कोंडले. चौदा वर्षांची मांजरी ती. 2010 च्या पावसाळ्यात आम्ही बी.एड.ची टाचणे लिहीत बसलो होतो, तेव्हा भिजलेले पिलू घरात शिरले आणि राहिले. मांजर घरात वावरणारा जीव, तिचे तोंड नापाक नाही, हे अम्मीने लहानपणापासून शिकवलेले. पण लघवीची गोष्ट वेगळी. आम्हांला वाटले, म्हातारपणी हट्टीपणा आला. वर्गातल्या मुलाला करावी तशी शिक्षा केली.

सकाळी दार उघडले तर ती कपड्यांच्या टबावर वाकून पाणी पीत होती. पीतच राहिली. महिना-दोन महिने ती खूप पाणी पिते, हात फिरवला की पाठीचा मणका लागतो, हे आम्ही पाहत होतो. पण दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या नव्हत्या, आणि आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो!

जनावरांच्या दवाखान्यात शेळ्यांची रांग होती. डॉक्टरांनी रक्त तपासून आणायला सांगितले. क्रिएटिनिन बरेच वाढलेले निघाले. मूत्रपिंडे थकली की लघवी पातळ आणि फार होते, ते पाणी भरून काढायला तहान लागते. त्यांनी तिचे मागचे पाय हळूच वाकवले. ती ओरडली नाही, फक्त कान मागे गेले.

"रेती कुठे ठेवता?"

"जिन्याखाली."

"मग ती उतरणार कशी?"

आम्ही गप्प. मांजर दुखणे दाखवत नाही. उडी मारायचे सोडते, अंग चाटायचे सोडते, आणि आपण म्हणतो, आळशी झाली. शेजारच्या खालांच्या सांगण्यावरून तापाची अर्धी गोळी देणार होतो, हे ऐकल्यावर मात्र डॉक्टर जोरात बोलले. पॅरासिटामॉल मांजरीला पचत नाही, तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो.

घरी आल्यावर अम्मी एवढेच म्हणाली, "उसके भी घुटने दुखते होंगे." अम्मी स्वतः चार वर्षांपासून खुर्चीवर बसून नमाज पढते.

मग घमेल्याची एक कड कापून त्यात रेती भरली आणि ते खोलीतच ठेवले. पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी. पलंगाशी पाटला, म्हणजे दोन टप्प्यांत चढता यावे. नखे जाड होऊन पंज्यात रुतू लागली होती, ती दर जुम्म्याला कापायची. ओल्या फडक्याने अंग पुसायचे. दिवसाआड सलाईन. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खिडकीच्या गजाला टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची. पहिल्या दिवशी आमचेच हात थरथरत होते. अम्मी तिचे डोके धरून बसे. थोड्या वेळाने खांद्यापाशी पाण्याचा फुगा दिसे, रात्रीपर्यंत जिरून जाई.

नातेवाईक बोललेच. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन राहिले आहे आणि मांजरीला सलाईन? बोलणे खोटे नव्हते. हिशोबाची वही आम्हीच लिहितो. ऑपरेशन मे महिन्याच्या सुट्टीवरून दिवाळीच्या सुट्टीवर गेले, त्यात मुन्नीचा वाटा थोडा होता, पण होता. अम्मीला विचारले तर म्हणाली, "मी बोलून दाखवते. ती कुणाला सांगणार?"

पाच महिने गेले. मग तिने खाणे सोडले, तोंडाला वास येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, आता एक इंजेक्शन देता येईल, झोपेतच जाईल. आम्ही ना हो म्हणालो, ना नाही. जीव घेणारे आपण कोण, असेही वाटले, आणि तिला आणखी ताटकळत ठेवणारे तरी आपण कोण, असेही. तिला घरी आणले. तिसऱ्या दिवशी फजरच्या आधी ती गेली. ते तीन दिवस तिला सोपे नव्हते.

ज्या जानमाजवर तिने लघवी केली होती, ती अम्मीने तेव्हाच तीन वेळा धुऊन वापरायला काढली होती. त्या रात्रीबद्दल ती आम्हांला कधी काही बोलली नाही.