ताणाच्या दिवसांतली सहल आणि पंधरा हजारांचा हिशोब

आधी बागेची नोंद. मृग बहार धरायचा आहे, त्यामुळं डाळिंब ताणावर आहे. पाणी तोडून १२ दिवस झाले होते तेव्हा आम्ही घरची पाच माणसं सोमवार ते गुरुवार रत्नागिरीकडं जाऊन आलो. स्टेटसला फोटो टाकल्यापासून दोनच प्रश्न येतायत. बाग आणि जनावरं सोडून गेलात कसे? आणि खर्च किती आला? दोन्हीची उत्तरं सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. आईचं वय ७६. पंढरपूर, तुळजापूर, शिखर शिंगणापूर एवढंच तिचं फिरणं. समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरच्या आत, पण तो तिनं टीव्हीवरच बघितलेला. वडील दरवर्षी म्हणायचे, "औंदा माल चांगला गेला की जाऊ." कधी माल चांगला गेला तर बोअर आटली, बोअर चालली तर तेल्या आला. वडील गेले, समुद्र राहिला. आता आईचे गुडघे दुखतात. बसच्या पायऱ्या चढता येतायत तोवरच तिची सहल होणार, हे डॉक्टरनं न सांगताही कळत होतं.

दुसरं कारण थोरला. आठवीची परीक्षा दिलीय. मागच्या दिवाळीत सहज म्हणाला, "पप्पा, मी काय बी करीन, पण सुट्टी नसलेलं काम करणार नाय." त्याला काय उत्तर द्यायचं? दिवाळीत मृगाचा माल झाडावर असतो, आपण फवारणीत. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसलो. डाळिंबवाल्याला मोकळे दिवस कधी मिळतात? फळ झाडावर असताना नाही, फुलगळ चालू असताना तर नाहीच. ताणाच्या काळात मात्र पाणी बंद, खत बंद. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड महिन्यापर्यंत झाडाला विश्रांतीच द्यायची असते. तोडणी झाल्या झाल्या पुढचा बहार धरला तर झाड दमतं, माल बारका येतो, हे आपण एकमेकांना सांगत असतो. घरातल्या माणसाचा विश्रांती काळ मात्र कुणी वहीत लिहीत नाही. आम्ही या वर्षी तो लिहिला. एक मेला मुलांचा निकाल, त्यानंतरचा पहिला सोमवार पक्का.

निघण्याआधी बागेतली रोगट फांद्या-पानं गोळा करून जाळली, बोर्डो मिश्रणाची फवारणी केली, खोडांना गेरूचा लेप दिला. त्यानंतर चार दिवस बागेत जाऊन फक्त बघायचंच काम होतं. तरीही चुलतभावाला रोज एक चक्कर मारून दोन फोटो पाठवायला सांगितलं होतं. दोन गाईंचं दूध काढायचं काम त्याच्याशी सावडीनं ठरवलं. चार दिवस त्यानं आमच्या गाई पिळल्या, पुढच्या महिन्यात तो देवदर्शनाला जाईल तेव्हा त्याच्या मी पिळीन. गड्याला पैसे द्यायची गरज पडली नाही. जाण्याआधी दोन दिवस तो धारेला येऊन बसला, म्हणून गाईंनीही पान्हा चोरला नाही.

आता पैशाचं. घरात दोन नियम केले. सहलीला पीक कर्जातला रुपया नाही, आणि बहाराच्या खत-औषधाला हात लावायचा नाही. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं. गेल्या जुलैपासून प्रत्येक बिलातले ५०० रुपये बायकोनं वेगळ्या डब्यात ठेवले. दहा महिन्यांची तीस बिलं, १५,००० झाले. एवढ्यात बसेल तेवढीच सहल करायची.

पोरांना गोव्याला जायचं होतं. मी एसटीचं गणित मांडलं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. पण दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. रत्नागिरीला गेलो तर आई फुकट, बायको अर्ध्यात, नऊ वर्षांची धाकटी लहान मुलांच्या अर्ध्या तिकिटात. म्हणजे पाच माणसं आणि तीन तिकिटं. पोरांनी स्वतःच कागदावर बेरीज केली आणि गोवा रद्द झाला. आईचं आधार कार्ड तेवढं आठवणीनं बरोबर घ्या. मोबाईलवरचा फोटो दाखवत बसण्यापेक्षा मूळ कार्ड बरं.

गाडी भाड्यानं केली असती तर निम्मा डबा तिथंच रिकामा झाला असता. एसटीनं सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी असा टप्प्याटप्प्यानं प्रवास केला. आईसाठी कोल्हापूरला दोन तास थांबलो, घरच्या धपाट्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथंच सोडली. घाटात धाकटीला उलटी झाली. गोळी पिशवीत होती, पण ती घाट लागायच्या अर्धा तास आधी द्यायची असते, एवढं ध्यानात ठेवा.

मुक्काम गणपतीपुळ्यापासून थोडं आत, वाडीतल्या एका घरी केला. मे महिन्यात समुद्राला लागून असलेल्या खोल्यांचे भाव वर गेलेले असतात, शनिवार-रविवारी तर विचारूच नका. आत गेलं आणि मधल्या वारी गेलं की फरक पडतो. पाच जणांना एक मोठी खोली, रात्रीचे १,५०० ठरले. तीन वेळा भात खाऊन आईचं पोट भरंना. दुसऱ्या दिवशी घरमालकीण म्हणाली, "आजी, चूल तुमची." आईनं बरोबर आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या, त्यांनी सोलकढी दिली. दोघी रात्री दहापर्यंत बोलत बसल्या. या करमणुकीला पैसे पडले नाहीत.

समुद्रावर आई बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "एवढं पाणी, आन् एका बी पिकाला उपेगी नाय." दुष्काळी भागातली बाई दुसरं काय म्हणणार? पण पाय भिजवून घेतले, धाकटीच्या हाताला धरून तासभर उभी राहिली. एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तसा नाही, ओढ जबर आहे. घोट्याच्या वर पाणी घेऊ नका, पोरांचा हात सोडू नका.

मंगळवारी देवदर्शन, दुपारी देवळातला खिचडीचा प्रसाद, मग जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. बुधवारी रत्नागिरी. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी राज्य घेऊन इथं आणून ठेवलं होतं, १९१६ मध्ये तो इथंच वारला. त्याचा राजवाडा बघितला. थोरल्याला राजापेक्षा भाट्येच्या नारळ संशोधन केंद्रात जास्त गोडी वाटली. कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, 'प्रताप' ही नारळाची जात तिथलीच. दोन झाडांत साडेसात मीटर अंतर का ठेवतात, मधल्या जागेत मसाल्याची पिकं कशी बसतात, हे त्यानं तिथल्या माणसाला विचारून वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी घरमालकांच्या विहिरीत डोकावून म्हणाला, "इथं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो म्हणतात, मग मे महिन्यात विहीर तळाला कशी?" जांभ्या दगडात पाणी थांबत नाही, उतारानं समुद्राला जातं, हे मालकांनी त्याला समजावलं. आपल्याकडं पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, म्हणून आपण शेततळ्याला कागद घालतो, हे त्यानं त्यांना सांगितलं. मी मध्ये बोललो नाही.

हिशोब असा:

एसटी, जाता-येता: २,९४०
तिथली रिक्षा व स्थानिक बस: १,६५०
मुक्काम, ३ रात्री: ४,५००
खाणं-पिणं: ३,२८०
प्रवेश तिकिटं: १८०
आंबे, फणसपोळी, कोकम: ९००
औषध: १२०
एकूण: १३,५७०

रिक्षाला १,२०० धरले होते, साडेचारशे जास्त गेले. आईला चढ चालवंना, त्यामुळं ते जाणारच होते. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर अडीअडचणीचे हजार-दीड हजार वेगळे ठेवा आणि ते खर्च झाले म्हणून हळहळू नका. आमचे १,४३० उरले, ते परत डब्यात गेले.

आल्यावर बाग बघितली. पानं पिवळी पडायला लागलीत, ताण बरोबर बसतोय. पानगळीला अजून अवकाश आहे. थोरला शेती करंल का नाही, मला माहीत नाही. त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीच्या ताणाची तारीख मात्र लिहून ठेवलीय, आणि त्याखाली 'किल्ले?' असं लिहिलंय.

प्रत्येक पिकात असे चार-पाच दिवस निघतात. द्राक्षवाल्यांचे वेगळे, उसवाल्यांचे वेगळे, कांदावाल्यांचे वेगळे. तुमच्या पिकात ते कधी येतात आणि तेव्हा जनावरं कुणाच्या सावडीवर सोडता, ते खाली लिहा. जुलैपासून डबा परत सुरू करायचाय.